एवढं मोठं रोम आणि एक घमेलं नाही

युरोपात गेलेल्या पोरानं घरी फोन करावा, तब्येत सांगावी, अडचण असेल तर पैसे मागावेत. पण कॅमेरा चालू करून घरच्यांना युरोप दाखवू नये. घर बीबीचं असेल तर अजिबातच दाखवू नये.

बीबी हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं गाव. सुलतानपूर आणि दुसरबीडच्या मधे, जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावर. विदर्भातून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या असंख्य लोकांनी ते पाहिलेलं आहे, फक्त ट्रॅव्हल्समध्ये झोपेत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि लोक आता झोपेतसुद्धा आमच्या गावातून जात नाहीत. त्यामुळे जर्मनीत स्थापत्यशास्त्र शिकायला आल्यावर 'कुठला तू?' या प्रश्नाला मी 'मुंबईजवळचा' असं उत्तर द्यायचो. एकदा एका वर्गमैत्रिणीनं नकाशा उघडून अंतर मोजलं. तेवढ्या अंतरात त्यांचे दोन देश संपतात. तेव्हापासून मी 'लोणारजवळचा' असं सांगू लागलो. त्यानं कुणाला काही कळत नव्हतं, पण निदान कुणी मोजत नव्हतं.

आमच्या घरी व्हिडिओ कॉल एकटादुकटा माणूस घेत नाही. मधोमध आजी, तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा आणि मागं खांबाला टेकून मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, अशी बैठक भरते. मोठेबाबांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत, शंका मात्र पीएचडीच्या. आजीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती ऐकण्यात वेळ घालवत नाही, सरळ विचारते. पहिला प्रश्न ठरलेला, "भाकर भेटते का रे तिकडं?" नाही म्हटलं की तिचा युरोपवरचा अर्धा विश्वास तिथंच उडतो, आणि उरलेल्या अर्ध्यावर मला रोम, पॅरिस वगैरे उभं करायचं असतं.

बाबांचा प्रश्न वेगळा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नसते हे ऐकून त्यांनी मला हसतमुखानं होकार दिला होता. व्हिसाच्या वेळी कळलं की वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात, आणि मग तेच पैसे महिन्याला ९९२ युरो असे आपल्याला परत मिळतात. आपलेच पैसे आपल्यालाच हप्त्यानं देणारा देश बाबांना फार हुशार वाटला. त्यासाठी कर्ज निघालं आणि कर्जाबरोबर एक नवं माप घरात आलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात पट्टी चार हजारांच्या आसपासच निघत होती. युरो नव्वदीला टेकलेला. बाबांनी ओट्यावर बसून हिशेब केला. एक युरो म्हणजे सव्वादोन किलो सोयाबीन.

त्या दिवसापासून युरोपातली कुठलीही वस्तू मला तिच्या मूळ किमतीत दिसलेली नाही. केस कापायचे पंचेचाळीस किलो. एका कॉफीचे सात-आठ किलो. स्टेशनावरच्या संडासाला एक युरो लागतो. मी तिथल्या फिरत्या दांड्यासमोर उभा राहतो आणि माझ्या डोळ्यांसमोर सव्वादोन किलो सोयाबीन चाळणीतून खाली पडतं. बरेचदा मी तसाच परत फिरतो. या एका मापानं माझी प्रकृती जेवढी काटक केली तेवढी शाळेतल्या कवायतीनं केली नव्हती.

आता अशा माणसानं ऐतिहासिक युरोप पाहायला निघावं का, हा प्रश्न रास्त आहे. पण तिकडं शिकणाऱ्या पोरांवर एक सामाजिक दडपण असतं. दोन सेमिस्टर झाली आणि तुमच्या स्टेटसला एकही पडका खांब दिसला नाही, तर गावाकडं लोक समजतात की पोरगं गोदामात काम करतं. मी गोदामातच काम करायचो, शनिवार-रविवार, पार्सलं लावायचं. म्हणून तर खांब जास्त गरजेचा होता.

प्रवासाची पद्धत ठरलेली. रात्रीची बस घ्यायची, म्हणजे मुक्कामाचे पैसे वाचतात आणि पाठ जाते. पिशवीत ब्रेड आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. या चटणीवर मी जेवढं युरोप पाहिलं तेवढं कुणी वाईन पिऊनही पाहिलं नसेल. एका सहप्रवाशानं वासावरून विचारलं, हे औषध आहे का. मी हो म्हणालो, मागू नये म्हणून.

तर रोम. कोलोसियमचं तिकीट अठरा युरो. मी तिथूनच कॉल लावला, मागं ती प्रचंड कमानींची भिंत.

"केवढ्याचं तिकीट?" बाबा.

"चाळीस किलो."

"आन् आत काय आहे?"

"आत तसं काही नाही बाबा. पडकं आहे."

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग बाबा हळूच म्हणाले, "पडकं पाहाले चाळीस किलो?"

मी सावरून सांगू लागलो. इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहानं उद्घाटन केलं, पन्नास हजार माणूस बसायचं, माणसं जनावरांशी लढायची, माणसं माणसांशी लढायची. मोठेबाबांनी मधेच विचारलं, "अर्धी भिंत कुठी गेली?" तेही वाचून आलो होतो. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाजू कोसळली आणि मग पुढं शेकडो वर्षं रोमच्या लोकांनी तिथले दगड नेऊन आपापले वाडे बांधले, चर्चं बांधली. हे ऐकल्यावर मोठेबाबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गावाला एक गढी असते आणि त्या गढीची पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकायला लोक पिढ्यानपिढ्या नेत आलेत. गढी खाली येते, घरं वर येतात. "म्हंजे आपल्यावाणीच लोकं हायेत," मोठेबाबा म्हणाले, आणि कोलोसियम पास झालं. माझ्या बाजूला एक मार्गदर्शक बाई इंग्रजीतून तीस लोकांना साम्राज्याचा उत्कर्ष आणि अस्त समजावत होत्या. त्यांना त्यासाठी पाऊण तास लागला.

बाबांना मात्र रोममध्ये एकच गोष्ट आवडली आणि तिला तिकीट नव्हतं. रोमच्या रस्त्यांवर जागोजागी लोखंडी नळ आहेत, वाकड्या नाकासारखी तोटी असलेले. साधारण अडीच हजार आहेत म्हणतात. त्यांतून पिण्याचं गार पाणी रात्रंदिवस वाहत असतं. बंद करायला चावी नाही. मी बाटली भरून दाखवली.

"बंद कर ना मंग," बाबा म्हणाले.

"बंद होत नाही बाबा. तो असाच वाहतो."

"रात्री?"

"रात्रीपण."

आठवड्यातून ठरल्या दिवशी नळ येणार म्हणून घरातली सगळी भांडी भरून ठेवणाऱ्या माणसाला हे सहन होणं कठीण. त्यांनी मला कॅमेरा तिथंच धरून ठेवायला लावला आणि कोलोसियमपेक्षा जास्त वेळ तो नळ पाहिला. उन्हाळ्यात टँकरमागं पळणारी आमची सगळी गल्ली हळूहळू फोनभोवती जमली. मी उत्साहात येऊन त्रेवीच्या कारंज्याचंही सांगितलं, की त्याला पाणी आणणारा मूळ कालवा इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधलाय आणि दुरुस्त करत करत अजून वापरात आहे. यावर मोठेबाबांनी एका पाणीयोजनेच्या टाकीचा उल्लेख केला, जिच्यात अजून पाणी चढलेलं नाही आणि जिच्या गिलाव्याचे पोपडे मात्र वेळेवर निघाले. मी विषय बदलला. परदेशात असताना मायदेशाच्या टाकीबद्दल वाईट बोलू नये.

खरा घात पँथिऑननं केला. स्थापत्याचा विद्यार्थी म्हणून या इमारतीपुढं मी मनातल्या मनात लोटांगण घातलं होतं. हेड्रियन बादशहाच्या काळातली, साधारण एकोणीसशे वर्षं जुनी. त्रेचाळीस मीटरचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडाची एक सळई नाही, आणि सळई नसलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजवर कुणी बांधलेला नाही. चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळून त्यांनी ते काँक्रीट केलं होतं. खालच्या थरात जड दगड, वर जाताना हलका हलका करत शेवटी तरंगेल असा सच्छिद्र दगड. आमच्या प्राध्यापकांनी या घुमटावर दोन तास घेतले होते. आणि माथ्यावर मधोमध जवळजवळ नऊ मीटर रुंदीचं उघडं भोक, त्यातून उन्हाचा एक खांब तिरपा खाली उतरलेला. मी तो खांब आजीला दाखवला. माझा आवाज जरा भरून आला होता.

आजी निरखून पाहत राहिली. मग म्हणाली, "साणं हाय ते."

आमच्या धाब्याच्या घरांना उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून वर एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. आजीचं सगळं आयुष्य त्याच्या खाली गेलेलं. आता घरावर स्लॅब आहे, पण तिच्या बोलण्यात घर म्हणजे अजून धाब्याचंच.

"हो आजी, साणंच आहे," मी म्हणालो. प्राध्यापकांचे दोन तास एका शब्दात संपले होते.

"मंग पाऊस आला की झाकते कोण?"

"कुणी नाही. पाऊस आत पडतो. खाली फरशीला बारीक भोकं आहेत, पाणी निघून जातं."

"म्हंजे घरात पडू देतेत?"

"देतात."

"काहून? घमेलं नाही भेटलं त्यायले?"

मी तिला समजावलं की भोक नऊ मीटरचं आहे, एवढं घमेलं जगात नाही. आजीचं म्हणणं असं की ज्याला एवढं घर बांधता येतं त्याला एवढं घमेलं घडवता येत नाही हे तिला पटत नाही, आळस असेल तर तसं सांगावं. मागून मोठेबाबा म्हणाले की राजाच्या घरी वर चढायला कुणी तयार झालं नसेल. मग दोघांत, रोममध्ये बायका धाब्यावर चढत असतील की गडीमाणसं, यावर चर्चा सुरू झाली आणि मला कुणी काही विचारेना. मी पँथिऑनच्या मधोमध, त्या उन्हाच्या खांबात उभा राहून माझ्या घरच्यांचं भांडण ऐकत होतो. आजूबाजूला लोक भारावून गप्प होते. एका पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवून मला शांत राहायला सांगितलं. मी गप्पच होतो. आवाज बीबीचा होता.

पॅरिसबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. आयफेल टॉवरच्या टोकापर्यंत जायला तेव्हा ऐंशी किलो लागायचे, म्हणून मी खालून पाहिला, आणि खालूनही तो तेवढाच उंच दिसतो. लूव्र संग्रहालयात मात्र युरोपात राहणाऱ्या सव्वीस वर्षांखालच्या पोरांना फुकट प्रवेश आहे. हे कळल्यावर बाबांनी फ्रान्स देशाचं दोनदा नाव काढलं. आत मोनालिसा आहे. उंची ७७ सेंटीमीटर, रुंदी ५३. आमच्या देवघरातला गजानन महाराजांचा फोटो याहून थोडाच लहान असेल. समोर एवढी गर्दी की मला तिच्यापेक्षा तिचे फोटो काढणारे शेकडो फोनच दिसले आणि प्रत्येक फोनमध्ये एक मोनालिसा. आई शेगावला दर वर्षी जाते, तिला रांगांचं कळतं. ती म्हणाली, एवढी धक्काबुक्की कशाला, एकेकाला सोडावं. आजीनं विचारलं, "परसाद काय भेटते?" नाही म्हटल्यावर तिनं फोन आईकडं दिला.

पण लूव्रनं मोठेबाबा अस्वस्थ झाले. डोकं नसलेली पंखवाली ग्रीक देवी, हात नसलेली दुसरी ग्रीक देवी, बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांचा काळा दगड. एकेक वस्तू कुठून आणली हे मी सांगत गेलो तसतसे ते 'बरं, बरं' म्हणत गेले. शेवटी म्हणाले, "म्हंजे यायचं स्वतःचं काय हाय?" मग त्यांनी मला मेहकरच्या बालाजीची गोष्ट सांगितली, जी मी लहानपणापासून ऐकतोय. १८८८ साली मेहकरात शारंगधर बालाजीची भलीमोठी देखणी मूर्ती सापडली. इंग्रज ती विलायतेला नेणार असा सुगावा लागताच गावकऱ्यांनी घाईनं तिची प्रतिष्ठापना करून टाकली. एकदा देव बसला की उठवता येत नाही, मग साहेबाचाही नाइलाज झाला. निदान मेहकरात तरी असंच सांगतात. मोठेबाबांचं मत, ग्रीक लोकांनी वेळेवर एखादा भटजी बोलावायला हवा होता.

कोलोनचं कॅथेड्रल जर्मनीतच, मी गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर उभं. १५७ मीटरचे दोन मनोरे. १८८० साली पुरं झालं तेव्हा काही काळ जगातली सगळ्यांत उंच इमारत हीच होती. पण आमच्या घरात ते गाजलं ते उंचीमुळे नाही.

"पायाभरणी कधीची?" मोठेबाबा.

"पंधरा ऑगस्ट."

"अरे वा! कोणत्या साली?"

"१२४८."

मोठेबाबा खांबापासून सुटून पुढं आले. १२४८ ते १८८० म्हणजे ६३२ वर्षं, हे त्यांनी बोटांवर माझ्या आधी काढलं. मधे काय झालं? मधे सोळाव्या शतकात पैसा आटला, उत्साह आटला, काम थांबलं, ते जवळजवळ तीनशे वर्षं थांबलं. अर्धवट मनोऱ्याच्या डोक्यावर बांधकामाची लाकडी यारी तशीच उभी राहिली. चारशे वर्षांच्या आसपास ती यारीच त्या शहराची ओळख होती. जुन्या चित्रांत कोलोन ओळखायचं ते मनोऱ्यावरच्या त्या यारीवरून.

मोठेबाबा इतके आनंदी झालेले मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिले नव्हते. याचं कारण खामगाव-जालना रेल्वे. ही रेल्वे इंग्रजांच्या काळापासून होणार आहे. तिची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, तिची सर्वेक्षणं झालेली आहेत, तिच्यासाठी मोर्चे निघालेले आहेत, प्रत्येक निवडणुकीत ती एकदा येऊन जाते. खरं तर ती झाली तरी चिखली, देऊळगाव राजावरून जाईल, बीबीला तिचा धूरही दिसणार नाही. पण मोठेबाबांचा तिच्यावर जीव आहे. त्यांच्याकडे तिच्या बातम्यांची कात्रणं आहेत. "सहाशे बत्तीस," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "अन् आपण लोकं उगीच बोंबलतो." कॅथेड्रलला अजूनही कुठं ना कुठं परांची बांधलेलीच असते, दगड झिजतो, बदलावा लागतो, हे सांगितल्यावर तर त्यांनी जर्मन माणसाला आपलंच मानलं.

आता ज्या गावासाठी हा सगळा खटाटोप, ते. नॉर्डलिंगन. बव्हेरियातलं एक लहान, गोल गाव. भोवती मध्ययुगीन तटबंदी अजून पूर्ण, तिच्यावरून गावाला अख्खी प्रदक्षिणा घालता येते. रोम-पॅरिस पाहणारी गर्दी इकडं फिरकत नाही. मी गेलो, कारण हे गाव उल्केच्या आघातानं झालेल्या विवरात वसलेलं आहे, आणि लोणारच्या शेजारी वाढलेल्या माणसाला तेवढं कारण पुरतं.

लोणारचं विवर म्हणजे जेमतेम १.८ किलोमीटर व्यासाचं. हे रीस विवर चोवीस किलोमीटरचं. ते लोणारच्या जागी पडलं असतं तर त्याचा काठ साधारण सुलतानपुरापर्यंत आला असता आणि बीबीला दारातूनच तळं दिसलं असतं. वय सुमारे दीड कोटी वर्षं, यावर तिकडं कुणाचा वाद नाही. आपल्या लोणारच्या वयाचं मात्र आजीच्या आधार कार्डावरच्या जन्मतारखेसारखं आहे. कुणी पन्नास हजार वर्षं सांगतं, कुणी साडेपाच लाखांच्या पुढं नेतं.

तर एवढं प्रचंड विवर पाहायला मी नॉर्डलिंगनला उतरलो आणि चहूकडे पाहिलं. सपाट शेती. गहू, मका, लाल कौलांची घरं, गायी. विवर कुठंच नाही. स्टेशनाबाहेरच्या आजीबाईंना विचारलं तर त्यांनी पायाखालच्या जमिनीकडं बोट दाखवलं. चोवीस किलोमीटरच्या परातीच्या मधोमध उभं राहिलेल्या माणसाला परात दिसत नाही. चर्चच्या मनोऱ्यावर चढा, म्हणाल्या, लांबवर डोंगरांचं कडं दिसेल. त्या मनोऱ्याचं नाव डॅनियल, उंची नव्वद मीटर, साडेतीनशे पायऱ्या. चढलो. लांबवर निळसर, बुटका, एक काठ असल्यासारखं काहीतरी दिसलं. लोणारला आम्ही शाळेच्या सहलीत काठावर उभं राहून अख्खं तळं एका नजरेत पाहतो, दगड मारतो, कमळजा देवीकडं उतरतो, परत चढताना मास्तर मागं राहतात. आमचं विवर लहान असेल, पण दिसतं.

तो मनोरा ज्या दगडाचा आहे त्याची गंमत आहे. पूर्वी सगळे समजायचे की हे विवर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड आहे. १९६० साली युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या शास्त्रज्ञांना तिथल्या दगडात कोएसाइट सापडलं. ते अफाट दाबाखालीच तयार होतं, तेवढा दाब साध्या ज्वालामुखीच्या अंगात नसतो. म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडानंच हे केलं. आणि गावाचं पंधराव्या शतकातलं चर्च त्याच आघातात तयार झालेल्या दगडानं बांधलेलं. शेकडो वर्षं लोक पुराव्याच्या आत बसून प्रार्थना करत होते. लोणारलाही दीर्घकाळ ज्वालामुखीच म्हणायचे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तळ्याची नोंद केली, पण उल्केचा निकाल लागायला १९७० चं दशक उजाडलं. आमच्याकडं अर्थात पुराणानं निकाल आधीच दिलेला होता. लवणासुर जमिनीखाली लपला, विष्णूनं वरचं झाकण उडवून त्याला मारला. झाकण, आघात, खड्डा. विष्णूला तेवढं शास्त्रज्ञांनी उल्का म्हणावं, बाकी दोन्हीकडं तेच.

आजीला या गावातली दुसरी गोष्ट आवडली. मनोऱ्यावर अजूनही राखणदार असतो. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासानं तो वरून एक आरोळी देतो. कथा अशी की १४४० साली शत्रूनं फितुरी करून एक वेस रात्री उघडी ठेवायला लावली होती. एक बाई घरधन्याला बिअर द्यायला निघाली, तर एक डुकरीण वेशीच्या दाराला अंग घासत होती आणि दार हलत होतं. बाईनं बोंब ठोकली, गाव वाचलं. आरोळीत त्याचीच आठवण आहे म्हणतात. आमच्या गल्लीतल्या डुकरांवर आजी रोज काठी घेऊन धावते. त्या दिवशी तिनं काठी बाजूला ठेवली. एक दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळवण उपसलं.

नॉर्डलिंगनात विवराचं संग्रहालय आहे. अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावर जाण्याआधी, १९७० साली, इथं दगड ओळखायला शिकायला आले होते. म्हणून तिथं नासानं दिलेला चंद्राचा एक खराखुरा दगडही ठेवलाय. तिकीट देणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, कुठले? मी सवयीनं, काही अपेक्षा न ठेवता, म्हणालो, लोणारजवळचा.

ते खुर्चीतून उठले.

"लोणार! बेसाल्टमधलं?"

मला काय करावं सुचेना. युरोपात कुणी माझा तालुका ओळखला होता. त्यांनी आतून एका बाईंना बोलावलं, बाईंनी आणखी एकाला. पृथ्वीवर बेसाल्टच्या खडकात झालेली उल्काविवरं फार कमी आहेत, त्यांत लोणार किती चांगलं टिकलंय, मंगळ आणि चंद्र समजून घ्यायला त्याचा किती उपयोग, हे ते मलाच सांगत होते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा तुम्ही तिथं होता का, असं एकानं विचारलं. होतो, म्हणालो, पेट्रोल टाकून मुद्दाम पाहायला गेलो होतो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी त्या चंद्राच्या दगडाकडं पाहत होतो. तिकिटाचे पैसे मात्र घेतले. जर्मन माणूस भारावला तरी पावती फाडतो.

ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा कळलं की आमच्या वर्गातला एक बव्हेरियन पोरगा त्याच विवरातल्या एका खेड्यातला आहे. तो म्हणाला, मला लोणार पाहायचंय. मी भारतीय पद्धतीनं म्हणालो, ये ना. तो जर्मन पद्धतीनं खरंच आला, हिवाळ्यात, जालन्याला रेल्वेनं उतरून.

सिंदखेडराजाला नेला. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवरावांची समाधी. त्या समाधीजवळ २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, हे मी सांगितलं. तो त्या भल्यामोठ्या दगडी समाधीभोवती हात पाठीमागं बांधून, मान वर करून फिरत राहिला. मी रोममध्ये असाच फिरलो असणार. शेजारी दोन म्हातारी माणसं सावलीत तंबाखू चोळत बसली होती, त्यांना त्यानं हात जोडले. त्यांनी त्याला बसायला जागा दिली. त्याला ते फार आवडलं. कोलोसियममध्ये बसलं की शिट्टी वाजते.

गावातल्या जुन्या बारवेत आमची पोरं पत्ते खेळतात, ते पाहून मात्र तो कळवळला. त्यांच्याकडं त्या बारवेला कुंपण, फलक आणि पाच युरो लागले असते. मलाही पत्ते खटकतात आणि पाच युरोही खटकतात. पण उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता त्या पायऱ्यांइतकी गार जागा पंचक्रोशीत नाही, हेही मी त्याला सांगितलं. त्यानं खाली उतरून पाहिलं आणि एक डाव मांडला. हरला.

लोणारला काठावर पोचलो तेव्हा सकाळचं धुकं निवळत होतं. पूर्ण गोल. चारी बाजूंनी झाडीचा उतार आणि खाली हिरवट पाणी. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी जन्मापासून विवरात राहतो. विवर आज पहिल्यांदा पाहिलं."

रात्री आमच्याकडं जेवायला बसला. आजीनं त्याच्या ताटात भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि समोर बसून पाहत राहिली. त्याचे डोळे वाहू लागले तशी ती समाधानानं म्हणाली, "पोराले घरची आठवण येऊन राह्यली." पुढच्या घासाला त्यानं चेहरा टॉवेलात घातला.

जेवणानंतर त्यानं मोबाइलवर नकाशा काढला. त्याला इथून शेगावला रेल्वेनं जायचं होतं. जालन्याहून खामगावकडं सरळ रूळ असणार असं गृहीत धरून तो बोट फिरवत राहिला. बोट जालन्याला थांबलं, पुढं काही सापडेना. त्यानं विचारलं, इथं रेल्वे नाही?

मी भाषांतर करायच्या आत मोठेबाबांना कळलं होतं. त्यांनी कात्रणांची पिशवी काढली, त्याच्यासमोर चटईवर पसरली, चष्मा लावला आणि मला म्हणाले, "त्याले सांग, सर्वे झाला हाय. पाया अजून भरला नाही. भरला की सहाशे बत्तीस वर्सांत होते म्हणा. तंवर ष्टीनं जाय."